हिरव्या शाईतली रात्र

७ जानेवारी, शनिवार. सकाळ

ही वही मी मागितली नव्हती. दोक्तोरा बार्रादासनी गळ्यात मारली. देशभरातून बारा नर्सेस निवडायच्या, त्यांना वर्षभर संशोधन शिकवायचं आणि 'पुढारी' बनवायचं, असा एक कार्यक्रम आहे. आमच्या हालापा शहरामधून मी एकटीच निवडले गेले आणि मार्गदर्शक म्हणून ह्या बाई वाट्याला आल्या. पूर्वी आमच्याच इस्पितळात नर्स होत्या, मग पीएचडी केली, म्हणून दोक्तोरा. एकसष्ट वर्षांच्या आहेत. कुणाकडेही बघताना ताप मोजतायत असं वाटतं.

वही देताना म्हणाल्या, "मला दाखवायची लाज वाटेल ते इथं लिही. मी वाचणार नाही. तूच वाच, कधीतरी."

"ह्याचा संशोधनाशी काय संबंध?"

"बघ लिहून."

असंच बोलतात. निम्मं तोंडात ठेवून.

तर काल सहा जानेवारी. आम्हा नर्सेसचा दिवस आणि बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचाही. इस्पितळाला एका रोस्कात, म्हणजे सणाच्या गोल गोड पावात, दोन्ही सण उरकता येतात. संचालकांनी भाषण केलं, आम्ही देवदूत आहोत म्हणाले. दुपारपाळीला पुरुषांच्या वॉर्डात चौतीस खाटांना आम्ही चार देवदूत. रात्री एक. देवदूत लघवीला कधी जातात हे भाषणात नव्हतं.

रोस्का कापला. आत लपवलेलं इवलंसं बाहुलं माझ्याच तुकड्यात आलं, दाताला कटकन लागलं. ज्याला बाहुलं मिळेल त्यानं दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे उंडे, खाऊ घालायचे. मी ते गालात सरकवलं, वर कॉफी प्यायले आणि हळूच खिशात टाकलं. मी काही देवदूतांना जेवण घालणार नाही. आमच्या पाळीतली फिदेन्सिया, निवृत्तीला आलेली, सगळ्यांची तोंडं बघत फिरत होती. "कोणी गिळलं काय गं? एक्स-रे काढा सगळ्यांचे." मी पण हसले.

बाकी नेहमीचंच. नऊला निघताना क्लोतीची चादर घालून ठेवली. क्लोतिल्दे रात्रपाळीची. तिनं माझ्या लेकीला, हिमेनाला, बाप्तिस्म्याला हातावर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. 'चादर घालणं' म्हणजे तिचा रात्रीचा कागद जरा तयार ठेवायचा, वेळा टाकून. बिचारी एकटी, तेवढंच लिहायचं वाचतं. दुपारपाळीतल्या सगळ्याच करतात, आम्हाला आधीच्या बायकांनी शिकवलंय. काल मी मिनिटंसुद्धा नीट टाकली, 4:10, 4:15. आत घुसताना तिनं माझ्या गालाचा पापा घेतला.

सगळ्या दिवसात तेवढीच एक चांगली गोष्ट झाली.

१० जानेवारी, मंगळवार

काल दोक्तोराकडे गेले होते. तोंडात अजून कडू चव आहे.

माझा विषय बेडसोअर. पडून पडून पाठ आणि ढुंगण फाटतं, ते होऊ नये म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. वॉर्डात त्याचा रोजचा एक मोठा कागद असतो. उभ्यात चौतीस खाटा, आडव्यात वेळा, प्रत्येक रकान्यात डावी-उजवी आणि मिनिटं. ऑक्टोबर ते डिसेंबरचे ब्याण्णव कागद मी फोटोकॉपी करून मिळवले. रकाना न् रकाना मोजला. हिमेना बाजूला बसून रंगवत होती, मी मोजत होते.

निष्कर्ष असा: दुपारी शंभरातले एकाहत्तर रकाने भरलेले, रात्री शहाण्णव. तरी नव्या जखमा दिसतात त्या सकाळीच. म्हणजे कूस बदलूनही जखम होतेच. म्हणजे दोन तासांचा नियमच फोल. जगभर सगळे जे शिकवतात ते मी, हालापाच्या एका नर्सनं, उलटं करून दाखवलं होतं.

दोक्तोरानी कागद लांब धरून वाचला.

"चौघी असतात तेव्हा एकाहत्तर. एकटी असते तेव्हा शहाण्णव."

"हो."

"म्हणजे बायका कमी केल्या की काम वाढतं. छाप हे. मंत्रालय तुझा पुतळा उभारेल."

मग म्हणाल्या, "मूळ कागद बघ. फोटोकॉपी चालणार नाही."

"तेच तर आहेत, दोक्तोरा. अक्षर न् अक्षर तेच."

"अक्षर तेच असेल." आणि जाताना, "तुझा चारचा आकडा फार विचित्र आहे गं. उलट्या खुर्चीसारखा. लांबून ओळखू येतो."

तीन महिने मोजलं मी. आणि ही बाई माझ्या चाराला नावं ठेवते. एकदा दोक्तोरा झाल्या की ह्यांना नर्सच्या हातचं काही खरं वाटतच नाही.

११ जानेवारी, बुधवार

कार्यक्रमाकडून आलेला 'नेतृत्व-आराखडा' भरला.

तुमच्या तीन ताकदी: राग. राग. लघवीची चार भांडी एका खेपेत, न सांडता.

सुधारणेला वाव: भांडी पाच.

पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता: खाट १ ते ३४ यांच्या मधे.

तुमचा आदर्श: (रिकामं ठेवलं.)

पाठवून दिला. उत्तर आलं, 'आपली प्रगती उत्तम आहे.' कुणी वाचतच नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

आज वही फाटेल इतकं दाबून लिहितेय.

चौदा नंबरच्या खाटेवर दॉन एलेउतेरियो आहेत ('दॉन' आपलं आदरानं), साखर कारखान्यातले म्हातारे, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. गेल्या शनिवारी सकाळी त्यांच्या माकडहाडापाशी मुठीएवढी जखम सापडली. मुलीनं तक्रार केली. मुलीचं बरोबरच आहे, मी तिच्या जागी असते तर खुर्ची फेकली असती. पण चौकशी कुणाची? क्लोतीची. सहा तारखेच्या रात्री ती होती म्हणून. एक फेब्रुवारीला समिती बसणार. दोषी ठरली तर घरी. बावीस वर्षांची नोकरी.

मी तडक हेफा रोसाउराच्या खोलीत. हेफा म्हणजे आमची मुख्य. रोसाउरा तेहेदा कधी मोठ्यानं बोलत नाही, त्यामुळे जास्त राग येतो.

"हेफा, चौतीस खाटांना एक बाई कुणी ठरवली?"

तिनं पेनानं मागची भिंत दाखवली. चौकटीत लावलेला तक्ता: रात्रपाळी, छत्तीस खाटांपर्यंत एक परिचारिका. खाली मुंगीएवढ्या अक्षरात कुठल्याशा अभ्यासाचा दाखला.

"शास्त्रशुद्ध आहे," रोसाउरा म्हणाली. "तुम्ही संशोधकच ठरवता हे. मी फक्त फ्रेम केलं."

कुठल्या गाढवानं केला असेल तो अभ्यास. खुर्चीत बसून.

क्लोती पाळीला आली तेव्हा मी तिला कपड्यांच्या कपाटाशी गाठलं. म्हटलं, घाबरू नकोस, माझ्याकडे आकडे आहेत, शंभरात शहाण्णव, तुझा कागद आरशासारखा स्वच्छ आहे.

ती बूट बदलत होती. वर बघितलं नाही.

"ते कागद राहू दे गं."

"अगं तेच तर तुला वाचवणार."

"कोमाद्रे, राहू दे म्हटलं ना."

भेदरलीय. तिचं सगळं आता मलाच करावं लागणार.

१४ जानेवारी, शनिवार

शिक्षण विभागाचे डॉक्टर कार्कामो जिन्यात भेटले. माझ्या अभ्यासावर त्यांचं नाव पहिलं टाकलं तर छापून यायला 'सोपं जाईल' म्हणे. "आणि ती तुमची उशा सारता सारता झालेली दोक्तोरा, तिचं शेवटी टाकू." स्वतःच्या विनोदावर हसत खाली गेले. मी अकरा पायऱ्या शिव्या देत वर गेले.

१७ जानेवारी, मंगळवार

दफ्तरखान्यात गेले. मूळ कागद बघितले.

आमच्यात पेनाचे रंग ठरलेले आहेत. सकाळपाळी निळा, दुपारपाळी हिरवा, रात्रपाळी लाल. कुठल्याही कागदाकडे बघून कळतं कुणी कधी लिहिलं. फोटोकॉपीत सगळं काळं. मला हे सुचायला नको होतं?

पहिला कागद उघडला. रात्रीचे रकाने, दहा, बारा, दोन, चार, सहा. लाल असायला हवेत.

हिरवे.

दहाचे-बाराचे थोडे लाल. दोन, चार, सहा, सगळं हिरवंगार. दुसरा कागद. तिसरा. मी उभ्यानंच पंचवीस बघितले आणि मग खाली बसले. पहाटे चारला कूस बदलली असं रात्री नऊला घरी जाणाऱ्या बाईनं लिहून ठेवलंय. जे झालंच नाही ते आधीच लिहिलंय. माझे शहाण्णव खोटे. माझा शोध खोटा. आणि दॉन एलेउतेरियोंच्या पाठीला भोक.

आमच्याच पाळीतली कुणीतरी आहे. तीन महिने माझ्या शेजारी उभी राहून हे करतेय. सापडू दे. तिला समितीपुढे मी स्वतः नेणार.

१९ जानेवारी, गुरुवार

चहाच्या सुट्टीत विचारलंच. सगळ्यांच्या समोर. म्हटलं, रात्रीचे रकाने हिरव्यानं कोण भरतं? माणूस सडतो त्यानं. लाज नाही वाटत?

दोघींनी माना खाली घातल्या. फिदेन्सिया पावाचा तुकडा कॉफीत बुडवत राहिली.

"तू चादर घालत नाहीस वाटतं कधी?"

"ते वेगळं. मी क्लोतीचं लिहिण्याचं काम वाचवते."

"हां," फिदेन्सिया म्हणाली. "आणि मी काय, कादंबरी लिहिते?"

सगळ्या हसल्या. माझ्यावर. ह्या बायकांना काही सांगून उपयोग नाही. ह्यांच्यासाठी मी हे सगळं करतेय.

२० जानेवारी, शुक्रवार

सकाळी दोक्तोराकडे. मी ब्याण्णवच्या ब्याण्णव कागदांची यादी केली होती: नऊ हजारांवर रकाने हिरवे. म्हटलं, दुपारपाळीत कुणीतरी खोटारडं आहे, मला हस्ताक्षर तपासायचंय.

"तपास."

"तुम्ही मदत करा ना. तुम्ही नुसत्या बघत बसता."

त्यांनी मी आणलेल्या कागदांतून एक ओढला आणि माझ्यापुढे ठेवला. चारच्या ओळीवर नख ठेवलं. "हा चार कुणाचा?"

मी बघितलं.

मग त्या चहा करायला उठल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

घरी येऊन ही वही उघडली. सात जानेवारी. *काल मी मिनिटंसुद्धा नीट टाकली, 4:10, 4:15.* सहाची रात्र. चौदा नंबर. ते माझंच अक्षर आहे आणि वर पाप्याचं कौतुक आहे.

कागद मी भरला. मीच मोजला. त्यावर मीच शोध लावला.

२१ जानेवारी, शनिवार

काही नाही.

२४ जानेवारी, मंगळवार

कार्कामोंचा निरोप: 'परिस्थिती बघता' त्यांचं नाव काढून टाकावं. पहिलंही नको, शेवटचंही नको. कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. जिन्यात बघून न बघितल्यासारखं केलं.

मग रोसाउरानं बोलावलं. दार लावलं.

"समितीला सहा तारखेचा कागद द्यायचाय. माझ्याकडे फोटोकॉपी आहे. छान आहे, सगळे रकाने भरलेले. क्लोतिल्देवर काही येणार नाही, तुझ्यावरही नाही. मूळ कागद दफ्तरखान्यात कुठंतरी असेल. तिथं दमट असतं फार. कागद सापडत नाहीत."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. हिला पण. ह्या इस्पितळात ही गोष्ट माहीत नसलेली एकच बाई होती आणि तीच त्यावर संशोधन करत होती.

"आणि रात्री एकच बाई?" मी म्हटलं.

"ते शास्त्रानं ठरतं," रोसाउरा म्हणाली आणि भिंतीकडे बघितलं. मी पण बघितलं. ह्या वेळी जवळ जाऊन, नाक काचेला लावून, ती मुंगीएवढी अक्षरं वाचली.

ए. बार्रादास, १९९६.

२५ जानेवारी, बुधवार

विद्यापीठात त्यांच्या खोलीत न विचारता शिरले. एक विद्यार्थिनी बसली होती, तिला म्हटलं, ऊठ. उठली.

"शहाण्णव," मी म्हटलं. "एकोणीसशे शहाण्णव."

दोक्तोरानी चष्मा काढला. "वाचलंस."

"ते गाढव तुम्ही आहात."

"हो."

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. हो म्हटल्यावर ओरडायला काही उरत नाही, तरी मी ओरडले. म्हटलं, त्या एका कागदापायी सगळ्या रात्री क्लोतीसारख्या बायका मरतायत आणि तुम्ही इथं बसून माझ्या चाराला नावं ठेवता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं. फोटोकॉपीवर केला होता तो अभ्यास. तेव्हा फोटोकॉपी म्हणजे फार आधुनिक वाटायचं. रकाने भरलेले दिसले, म्हणून लिहिलं की एक बाई पुरते.

"पण तुम्ही स्वतः दुपारपाळीला होतात."

"सात वर्षं. मी पण चादर घालायचे. तेव्हाही हेच म्हणायचे."

"मग तुम्हाला कळलं नाही?"

"तुला किती दिवस लागले, मुली?"

मी बसले. खुर्ची अजून त्या विद्यार्थिनीची ऊब धरून होती.

"पुढं कळलं ना? मग का नाही बोललात?"

"कळलं तेव्हा दोक्तोरा झाले होते." हे त्या खिडकीकडे बघून म्हणाल्या. बाहेर नेहमीची झिमझिम. "त्या अभ्यासावर पदवी. पदवीवर ही खोली. ह्या खोलीवर तुमचा कार्यक्रम. ओढायचा तरी कुठला धागा."

"म्हणून मला ओढायला लावलात."

"मूळ कागद बघ म्हटलं. तेवढंच."

तेवढंच. असं निम्मं निम्मं बोलून सत्तावीस वर्षं काढली ह्या बाईनं. मला ह्यांची दया येत नाही. येऊ नये म्हणून हे लिहून ठेवतेय.

उठताना म्हटलं, "एक तारखेला समिती आहे. तुम्ही यायचं."

"मी मागं बसेन."

"मागं नाही. माझ्या शेजारी. आणि बोलायचं पूर्ण."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच ताप न मोजता.

२७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी क्लोतीच्या घरी. ती नुकतीच पाळीवरून आलेली, मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. तिच्या पायाच्या शिरा बघवत नाहीत.

"ये. तोंड पाडून एक दिवस येणार हे माहीत होतं."

मी सगळं सांगितलं. म्हटलं, निर्णय तुझा. फोटोकॉपी दिली तर तू वाचतेस. मूळ कागद दिला तर त्या रात्री तू कूस बदलली नाहीस हे उघड होतं. तुझी नोकरी जाईल, कदाचित माझीही.

ती पाय हलवत राहिली.

"फोटोकॉपी काय म्हणते? मी एकटीनं चौतीस जणांना पाच पाच वेळा उलटं केलं?"

"हो."

"चार वाजून दहा मिनिटांनी?"

ती मिनिटं मीच टाकलेली.

"मी काय पवनचक्की आहे, कोमाद्रे?" ती हसली, पण पुढचं हसून नव्हतं. "तुम्ही प्रेमानं करत होता, म्हणून मी तोंड उघडलं नाही. माझी आई वारली तेव्हा फिदेन्सियानं महिनाभर घातली चादर. कसं बोलायचं? पण रोज सकाळी मी तो कागद सकाळपाळीला देते ना, तेव्हा त्यावर जे झालं नाही ते सगळं असतं. जे झालं ते कुठंच नसतं. सहा तारखेला मी काय करत होते, विचारलंस एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. तीन महिने तिच्यावर संशोधन करत होते आणि विचारलं नव्हतं.

"एकोणतीस नंबरचा गेला त्या रात्री. गेला तेव्हा मी त्याच्यापाशी होते. मग त्याला धुतलं, बांधलं. बायको त्याची उभ्यानं कोसळली, तिला धरलं. तितक्यात सात नंबरनं सलाईन उपटलं, सगळीकडे रक्त. चौदा नंबर मला दिसत होता. कुशीवर पडून माझ्याकडे बघत होता बिचारा, हाक पण मारली नाही. सहाला पोचले त्याच्याकडे. ह्याला रकाना आहे तुमच्यात?"

मी टॉवेल घेतला आणि तिचे पाय पुसायला बसले. तिनं पाय ओढून घेतला.

"नको. तेवढं मी करते. तू कागद दे. खरा. पण एक सांगते, त्याच्यावर आधी तुझं नाव येऊ दे. माझं नंतर."

त्या कार्कामोला पहिलं नाव हवं होतं. बघ म्हणावं, आता जागा आहे.

१ फेब्रुवारी, बुधवार

समिती. पाच जण, पाण्याच्या पाच बाटल्या. आम्ही तिघी, बाटली नाही.

रोसाउरानं फोटोकॉपी ठेवली. मी तिच्यावर मूळ कागद ठेवला. एका सदस्यानं विचारलं, "ह्या दोन्हीत फरक काय?" म्हणजे रंगांचा नियम त्याला माहीतच नव्हता. हे लोक आमचा न्याय करतात.

मी सांगितलं. निळा, हिरवा, लाल. मग चारच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा चार माझा आहे. मी हे लिहिलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजायचे होते. नऊ हजारांवर असे रकाने आहेत, आणि सगळ्या दुपारपाळीनं मिळून एक बाई वीस बायकांइतकी दिसेल अशी सोय केलीय. त्यामुळे दुसरी बाई कधी मागावीच लागली नाही."

माझा आवाज चढला होता. अध्यक्ष म्हणाले, "सेन्योरिता, शांत व्हा."

"नाही," मी म्हटलं. "लिहून घ्या आधी."

क्लोतीनं एकोणतीस नंबरचं सांगितलं. ताठ बसून, साध्या आवाजात. दॉन एलेउतेरियोंची मुलगी कोपऱ्यात होती. ती क्लोतीकडे बघत राहिली. माफ केलं असं काही मला तिच्या तोंडावर दिसलं नाही. का करावं तिनं.

मग दोक्तोरा उठल्या. माझ्या शेजारून. म्हणाल्या, "भिंतीवरचा अभ्यास माझा आहे. तो चूक आहे. मला सत्तावीस वर्षांपैकी बरीच वर्षं माहीत आहे की तो चूक आहे. तो तिथून काढा." आणि थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. श्वास घेऊन उरलेलं निम्मं पण बोलल्या: "ह्या मुलीनं केलं ते मीही केलंय, ह्याच वॉर्डात, हिरव्याच पेनानं. शिक्षा करायची तर माझ्यापासून सुरू करा."

कोणी बाटली उघडली नाही.

निकाल: माझ्या नावापुढे ताकीद, लेखी. क्लोतीचा निर्णय पंधरा दिवस पुढं, तोवर ती कामावरच. मला क्षणभर वाटलं, जिंकलो. मग रोसाउरानं बाहेर येऊन कारण सांगितलं: तिला निलंबित करता येत नाही, कारण रात्री तिच्या जागी उभं करायला दुसरी कोणी नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार. पाळीआधी

आई पहाटेपासून केळीची पानं शेकतेय. विचारतेय, "चाळीस तमाल? तुला बाहुलं आलं होतं तर महिनाभर तोंडात काय धरलं होतंस?" सांगितलं, तेच.

दोक्तोरांचा फोन आला होता. लेखाचा मसुदा पाठव म्हणाल्या. त्यांचं नाव कुठं टाकू विचारलं. "जिथं चूक सांगशील तिथं," म्हणाल्या. म्हटलं, असं नाही, स्पष्ट सांगा. "दाखल्यांत टाक. १९९६. आणि पुढं लिही, बाद." फोन ठेवल्यावर मी पहिलं वाक्य लिहिलं: 'संशोधिका स्वतः या नोंदी करणाऱ्यांपैकी एक होती.' चारदा खोडलं, चारदा तेच लिहिलं.

अजून राग गेलेला नाही. कुणावर आहे ते विचारू नये.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल टेबलावर तमालांचं पातेलं ठेवलं आणि शेजारी बाहुलं. फिदेन्सियानं ते उचलून उजेडात धरलं. "घ्या. एक्स-रेचा खर्च वाचला." त्याच्यावर कोणी आणखी काही बोललं नाही, सगळ्यांनी दोन दोन खाल्ले. चौदा नंबरलाही एक मऊ करून भरवला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला.

नऊला पाळी सुटली. कागद समोर होता. दहा, बारा, दोन, चार, सहा, एकशे सत्तर पांढरे रकाने. हात आपोआप खिशात गेला. आम्ही चौघी उभ्या होतो आणि चौघींचे हात खिशात होते. मग फिदेन्सियानं तिचा हिरवा पेन काढून माझ्या खिशात खोचला. बाकीच्या दोघींनी पण. क्लोती आत आली, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. पापा नाही घेतला. पिशवी ठेवून हात धुवायला गेली.

आज दोनला पाळीवर आले तेव्हा हेफा रोसाउरा तोच कागद हातात घेऊन वॉर्डच्या मधोमध उभी होती. मी तिच्या खांद्यावरून वाचला. सगळा लाल.

दहा: बदलली, खाट १ ते १९.
बारा: २० ते २६. मग ३ ला उलट्या.
दोन: नाही.
चार: नाही. एकटी होते.
सहा: १४. आधी १४.

"ही काय पद्धत झाली?" रोसाउरा म्हणाली. "सकाळी तपासणीचे लोक येऊन गेले, त्यांनी हे बघितलं. निम्मा कागद रिकामा."

"रिकामा नाहीये, हेफा," मी म्हटलं. "वाचा."